काचेच्या बारा बरण्या

ही वही मी कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी पत्र्याच्या पेटीतून ती कधीतरी कुणाच्या तरी हाती लागेलच, म्हणून आधी माफी मागून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची. वेलांट्या कुठे पहिल्या आणि कुठे दुसऱ्या ते मला आजही नीट कळत नाही, आणि अक्षर तर ओळ सोडून खाली घसरत जातं, कारण पुढची चाळीस वर्षं मांडीवर वही नव्हती, विड्यांचं सूप होतं. वाचणाऱ्यानं चुका सांभाळून घ्याव्यात. सांगायचं आहे ते मात्र मी चुकवणार नाही.

आज हे लिहायला बसण्याचं कारण एक खोकं आहे. माझी नात श्रेया हिनं फोनवरून घरात बाग करायचं सामान मागवलं. काळ्या प्लास्टिकचे पसरट ट्रे, जांभळ्या उजेडाचा दिवा, विटेसारखा दाबलेला नारळाचा भुसा, जाळीच्या छोट्या कुंड्या, बियांच्या पुड्या. ती एकेक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवत होती. शेवटी एक पांढरट पुडी निघाली. ‘‘हे बघ आजी, बोनमील,’’ म्हणत तिनं ती माझ्या हातात द्यायला पुढे केली, आणि माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. पोरगी हसली. ‘‘चावतंय का काय ते?’’ मी पण हसले. पण दुपारभर मला चैन पडलं नाही.

तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या एकापाठोपाठ एक अशा तीन खोल्या होत्या. आजोबांनी सांगोल्याकडची मेंढरं विकून ही जागा घेतली होती, आणि ते गेल्यावर आम्ही तिथं मेंढरांशिवाय राहायला शिकत होतो. वडलांना मी आण्णा म्हणत असे. ते चिंचोळीला एका रंगकामाच्या कारखान्यात होते. चादरीचं सूत रंगवून रंगवून त्यांची नखं कायमची निळी झाली होती, भाकरी मोडताना ती निळी नखं पांढऱ्या भाकरीवर उठून दिसायची. आई, म्हणजे माझी आय, मेंढरांमागं वाढलेली. शहरात येऊन दहा वर्षं झाली तरी तिला भिंतींची सवय झाली नव्हती. सकाळी शेजारच्या नरसक्काच्या घरातले यंत्रमाग सुरू झाले की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. आय म्हणायची, ‘‘हे घर न्हाय, चाळण हाय.’’ पण बारा वाजता माग जेवायला थांबले की तीच म्हणायची, ‘‘का ग इतकं गप्प झालं?’’

मी बोलत नसे. घरात कुणी आलं तर दाराआड उभी राहायची. नरसक्का मला तोंडावर मुकी म्हणायची. चौथीतून मला काढलं ते आयचं पहिल्यांदा पोट पडलं तेव्हा, घरात कामाला कुणी हवं म्हणून. त्यानंतर आणखी एकदा पडलं. मी सांगते आहे त्या वेळी तिला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा महिना होता, आणि आमच्या घरात त्याबद्दल कुणी एक शब्द उच्चारत नव्हतं. नुसता उच्चार केला तरी काही होईल अशी भीती. आय उंबऱ्यावर बसायची नाही, कुणाच्या घरचं खायची नाही, वाळत घातलेलं लुगडं सूर्य मावळायच्या आत, कुणी काठ कापून नेला नाही ना ते बघून, घरात घ्यायची. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर आण्णा एक दिवस एका बाईला घेऊन आले. मागची खोली भाड्यानं द्यायची होती, तिचं दार बोळात उघडायचं. बाईचं नाव शालन. तिशी ओलांडलेली, उंच, हातात दोनच काचेच्या बांगड्या. गाव वैराग. पुण्याला कुठल्याशा रोपवाटिकेत चार-पाच वर्षं काम करून आलेली. आण्णांच्या कारखान्यात मोडीत निघालेल्या काचेच्या बरण्या विकत मिळतील का, म्हणून ती विचारायला गेली होती आणि तिथंच खोलीचं बोलणं झालं. आयनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

‘‘खोली अंधारी हाय. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाय.’’

‘‘अंधारीच पायजे मला.’’

‘‘माणसाला उजेड लागतो बाई.’’

‘‘उजेड मी लावीन की. ट्यूबलाइट आणलेत दोन. हितलं ऊन नको झाडांना. सोलापूरचं ऊन म्हंजे तापलेला तवा.’’

‘‘झाडं? घरात?’’

‘‘घरातच.’’

‘‘का? अंगणं जळाली काय सगळी?’’ आय म्हणाली. शालनबाई हसली. आय हसली नाही. नवऱ्याचं विचारलं तर शालनबाई म्हणाली, ‘‘हाय की तिकडं,’’ आणि हात असा केला की ‘तिकडं’ म्हणजे पुणंही असेल किंवा स्मशानही असेल. पण तिनं तीन महिन्यांची अनामत रोख पुढे ठेवली, आणि आयच्या डॉक्टरणीच्या औषधांना पैसे हवेच होते.

दोन दिवसांनी हातगाड्यावरून सामान आलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. गवतात गुंडाळलेल्या बारा बरण्या, एकेक घागरीएवढी, निमुळत्या तोंडाच्या, हिरवट काचेच्या. लाकडी खोकी. सीना नदीतली चाळलेली वाळू, लोहाराकडचा कोळसा, नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याची काळी माती. इस्त्रीवाल्याकडे असतो तसला पाणी फवारायचा डबा. सायकलीच्या तारांना बांधलेले चमचे आणि बुचं. एक छोटं शिवलेलं पोतं, आणि एक गाठोडं जे तिनं गाडीवाल्याला उचलू दिलं नाही, स्वतः उचलून नेलं.

‘‘ह्या बरण्या कुटनं आणल्या?’’ आयनं विचारलं.

‘‘तुमच्या मालकांनीच मिळवून दिल्या. अॅसिडच्या हायेत. चार पाण्यांनी धुतल्या.’’

त्या संध्याकाळी आयनं आण्णांना भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली नाही. आण्णांनी मागितली नाही. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. चटणी संपली असेल असं वाटलं, म्हणून मी उठून डबा आणला, तर डबा भरलेला होता.

शालनबाईनं पहिल्याच आठवड्यात मला हाताशी घेतलं. ती दिवसभर बाहेर फिरायची, मोठे दवाखाने, बँका, हॉटेलं, कुणाला बरणीतली बाग हवी का विचारत. शहरात एका डॉक्टरांचा नवा दवाखाना पाडव्याला उघडणार होता, त्यांनी बाराच्या बारा बरण्या सांगितल्या आणि विसार दिला. पेशंट बसतात त्या खोलीत ठेवायच्या. ती दुपारी नसताना खोलीवर लक्ष ठेवायचं, गोणपाट ओलं करायचं, खोक्यांना झारीनं पाणी द्यायचं, यासाठी तिनं मला किल्ली दिली. महिन्याला काही पैसेही ठरवले. ‘‘बरणीला अर्धा पेला, चार दिवसांतनं एकदा,’’ ती म्हणाली. ‘‘लाड करायचे न्हाईत. आतल्या आतच पाणी फिरतंय त्यांचं.’’

तिनं मला लावून दाखवलं. कागदाच्या नळकांड्यातून बरणीच्या तळाशी आधी खडे, मग कोळसा, मग त्या गाठोड्यातलं काहीतरी काळं, केसासारखं, त्यावर माती. मग तारेच्या चमच्यानं खड्डा, आणि पानांची घडी करून नेच्याचं इवलं रोप तोंडातून आत सोडायचं. आत गेलं की ते उलगडायचं. बुचानं माती हलकेच दाबायची. ट्यूबलाइटखाली काचेला आतून थेंब यायचे आणि घरंगळत खाली मातीत जायचे. मी तासन् तास बघत बसायची. माझ्या तोंडून एकदा ‘‘ह्याला पाऊस पण हाय,’’ असं निघून गेलं. शालनबाई म्हणाली, ‘‘बोलतीस की ग तू.’’

हे सगळं मला आवडलं होतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. कारण घरात परत आल्यावर मी आयला जे सांगायची, त्यात आवडलेलं काही नसायचं.

आय रोज विचारायची, ‘‘आज काय बगितलंस?’’ मला आयुष्यात कुणी रोज काही विचारलं नव्हतं. मी एक गोष्ट सांगितली की आय हातातलं थापणं थांबवायची आणि माझ्याकडे बघायची. भाकरी करपली तरी बघत राहायची. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी थोडं सांगायची. शालनबाई दार लावून काम करते. दिवसासुद्धा दिवा जळतो. त्या गाठोड्याला ती कुणाला हात लावू देत नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. पण आयच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत बघत मी सांगत होते, हे माझं मला ठाऊक होतं.

एके दिवशी मी सांगितलं की कोपऱ्यातल्या खोक्यावर ओलं गोणपाट होतं, ते उचललं तर खाली काळ्या मातीत गहू उगवले होते. बोटभर, पिवळेजर्द, सरळ.

आयच्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला. ‘‘अंधारात?’’

‘‘व्हय.’’

‘‘पिवळे?’’

‘‘आपल्या घटासारखे.’’

ज्यांच्या घरी घट बसतो त्यांना यातलं भय सांगावं लागणार नाही. काळी माती, त्यात धान्य, अंधारात वाढलेले पिवळे कोंब, हे आमच्या देव्हाऱ्यासमोर वर्षातून नऊच दिवस असतं. दसऱ्याला ते डोक्यात खोवायचे. बाकी वर्षात कुणी असं धान्य अंधारात झाकून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं, आयनंही नाही. आय नरसक्काकडे गेली. नरसक्काचं घर पद्मशाली विणकरांचं. ती लुगड्याच्या घड्या घालता घालता म्हणाली, ‘‘आमच्यात घट नाही अम्मा, आमची बतकम्मा. फुलांची. ती पण नवरात्रातच की. शिमग्याच्या तोंडावर कुठला देव मांडला हिनं?’’ मग आवाज उतरवून, आयच्या पोटाकडे न बघता, ‘‘तू तिच्या दारावरनं जाऊ नको.’’

मग आयनं मला त्या शिवलेल्या पोत्यावर काय छापलं आहे ते वाचून यायला सांगितलं. घरात वाचता येणारी मी एकटी. आण्णांना सही येत होती, तेवढीच. मी दुपारी किल्ली घेऊन गेले. पोतं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं, ते ओढून फिरवलं. निळ्या शाईत छापलेलं होतं. वर मोठ्या अक्षरात ‘हाडांचा चुरा’. त्याच्या खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती, ‘फुलझाडे व कुंड्यांसाठी उत्तम खत’. मी दोन्ही ओळी वाचल्या. जोडाक्षरावर अडखळले म्हणून दुसरी तर दोनदा वाचली.

घरी येऊन मी पहिली ओळ सांगितली. आयनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि ती खाली बसली. ‘‘हाडं. अग बया. हाडं, केसं, आनि घट.’’ नरसक्का दारात होतीच. दोघी एकदम बोलायला लागल्या. मी दुसरी ओळ सांगायला तोंड उघडलं होतं. पण दोघींच्या मध्ये शिरून बोलायचं म्हणजे माझ्यासाठी भिंतीतून जाण्यासारखं होतं. आणि खरं लिहायचं तर एवढंच कारण नव्हतं. मलाही वाटत होतं की खत खत म्हणून पोत्यावर काहीही छापता येतं. कुणाची हाडं ते कुठं लिहिलं होतं? त्या गाठोड्यातले केस कुणाचे? मी रोज तिच्याशेजारी बसून पावसाचे थेंब बघत होते, आणि रोज रात्री अंथरुणात तिच्यापासून दूर सरकत होते.

इतक्या वर्षांनी मला असं वाटतं की आयचा पहिला संशय हाडांवर नव्हताच. तो त्या बरण्यांवर होता, त्या तिच्या नवऱ्यानं आणून दिल्या होत्या. पण हे ती कुणापाशी बोलू शकली नसती. हाडांविषयी बोलता येत होतं.

होळी झाली आणि वैरागहून निरोप आला की शालनबाईची आई आजारी आहे. बरण्या तयार होत्या. बाराही. हिरव्यागार, एकीत लाल पानाचं काहीतरी, एकीत बारीक वेल काचेला आतून चिकटून वर चढलेला. पाडव्याला दहा दिवस होते. जाताना तिनं मला सांगितलं, ‘‘चार दिवसांत येते. फक्त खोक्यांना पाणी. बरण्यांना हात लावू नको, त्यांना आता काय नको. तुझ्यावर सोडून चाललेय इंदू.’’

दुसऱ्या दिवशी आयनं बादलीत खडा मीठ टाकलं. दोन शेर तरी असेल. पाणी हातानं ढवळलं, ती बादली स्वतःच्या पोटावरून तीन वेळा ओवाळल्यासारखी केली, आणि माझ्यापुढे ठेवली.

‘‘सगळीकडं घाल. बरण्यांत पन.’’

मी उभीच.

‘‘जा की. लेकरू गेलं म्हंजे जाशील काय?’’

नरसक्काचे माग जेवणासाठी थांबले होते. त्या शांततेत मला माझ्याच बादलीची कडी वाजलेली ऐकू येत होती. मी खोक्यांना झारीनं घातलं, बरण्यांना पेल्यानं. पाण्याचा रंग बदललेला नव्हता, वास नव्हता. असं वाटलं की काही होणारच नाही. त्या दिवशी खरंच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आयनं पुन्हा बादली भरली. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर नेच्यांची टोकं करपली होती, आणि लाल पानाचं ते झाड शिजवलेल्या मेथीसारखं मातीवर पसरलं होतं. काचेला थेंब मात्र आतून येतच होते. मी बादली बोळातल्या गटारीत ओतली आणि रिकामी परत आणली. आयनं विचारलं, ‘‘घातलंस?’’ मी मान डोलावली. त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि तेही न बोलता.

शालनबाई चौथ्या दिवशी दुपारी आली. बोळातलं दार उघडल्याचा आवाज आला, मग एकेक खोकं ओढल्याचा. मला वाटलं होतं ती ओरडेल. शेवटी ती आमच्या मधल्या खोलीच्या दारात आली. तिच्या हातात खोक्यातली मूठभर माती होती. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आमच्यासमोर. मग पदरानं जीभ पुसली.

‘‘मीठ कुणी घातलं?’’

आय उठून उभी राहिली, एक हात भिंतीला धरून. ‘‘मी घालायला लावलं. पोटात लेकरू हाय माज्या. तू आमच्या घरात घट मांडतीस, हाडं आणतीस, मेलेल्याचं केसं भरतीस बरण्यांत. मी मीठ बी घालू नको?’’

‘‘घट?’’ शालनबाईला खरंच कळलं नाही. मग कळलं. ‘‘ते गहू? माती चांगली कुजून तयार झालीय का बगायला आदी गहू टाकतात त्यात. ओल ऱ्हावी म्हनून वर गोणपाट झाकायचं, चार दिवसांत उगवतात. म्हनून.’’ ती माघारी गेली आणि ते गाठोडं घेऊन आली. आय मागे सरकली. शालनबाईनं गाठोड्याची गाठ सोडली आणि आयचं मनगट धरून तिचा हात आत घातला.

आय किंचाळणार होती. किंचाळली नाही. तिची बोटं आत हलली. बोटांनी ते चिमटीत धरलं, ओढलं, पिळलं. मी ती बोटं ओळखत होते, माझ्या केसांत ती तशीच फिरायची. आयचा चेहरा हळूहळू बदलला.

‘‘जावळ हाय,’’ ती म्हणाली. कोकराची पहिली लोकर. ‘‘काळं जावळ. धुतलेलं.’’

‘‘वैरागच्या बाजारातनं आणलं. पुन्याला शेवाळ घालतात, हितं शेवाळ कुटनं आणू? पाणी धरून ठेवती लोकर. माती खाली जाऊ देत न्हाय.’’

मेंढरं राखून पिढ्या गेलेलं आमचं घर. दीड महिना ते गाठोडं आमच्या भिंतीपलीकडे होतं, आणि एकदा हात लावला असता तर डोळे झाकून ओळखलं असतं. पण हात लावायचीच तर भीती होती.

मग शालनबाई माझ्याकडे वळली. ‘‘तुला वाचता येतं न्हवं?’’

मी मान हलवली.

‘‘पोत्यावरचं वाचलंस? सगळं?’’

मी पुन्हा मान हलवली.

‘‘मग?’’

आय माझ्याकडे बघत होती. यावेळी ती ज्या नजरेनं बघत होती ती मला नको होती. मी दाराआड सरकले. शालनबाई गाठोडं बांधून आपल्या खोलीत गेली.

संध्याकाळी आण्णा आले. त्यांना सगळं सांगितलं ते आयनंच सांगितलं, कमी न करता. आण्णांनी निळी नखं गुडघ्यांवर ठेवून ऐकलं. शालनबाईनं शिलाई मशीन विकून हे सामान उभं केलं होतं. आता डॉक्टरांचा विसार परत करायचा होता, आणि आमच्याकडची अनामत औषधांत गेली होती. सगळं मिळून नऊशे रुपये झाले. आयच म्हणाली, ‘‘आमी फेडू. एकदम न्हाय जमणार. पर फेडू.’’ शालनबाईनं पाडव्याच्या आत खोली सोडली. बारा बरण्या तिनं धुऊन बोळात ओळीनं ठेवल्या, तिच्या भावानं बैलगाडीतून नेल्या.

श्रावणात मंगल झाली, माझी बहीण. अंगानं भरलेली, रडायला खणखणीत. आज तीही आजी आहे. आय मरेपर्यंत कधीतरी सहज म्हणून जायची, ‘‘चुकलं खरं बाई माझं. पर मीठ घातलं आनि पोरगी जगली, हे बी खरं हाय की.’’ मी तिच्याशी वाद घातला नाही.

आयनं आणि मी विड्या वळायला घेतल्या. चार-सहा महिन्यांनी थोडे पैसे साठले की ते रुमालात बांधून मी एसटीनं वैरागला जायची. मलाच जायचं होतं, ते आयनं ठरवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. शालनबाईनं बार्शी रस्त्याला छपराखाली रोपं विकायला सुरुवात केली होती. गुलाब, कलमी आंबे, तुळशी. त्या बरण्यांपैकी चार-पाच मागे दिसायच्या, त्यात तिनं पुन्हा नेचे लावले होते. ती अंगठा जिभेला लावून नोटा दोनदा मोजायची. बस म्हणायची नाही. एकदा मला ताटकळत उभं राहून अवघडल्यासारखं झालं म्हणून मी तिथली झारी उचलली, तर तिनं काही न बोलता ती माझ्या हातातून काढून घेतली. परत येताना एसटीत मी पूर्ण रस्ताभर हात पदराखाली धरून बसले होते.

पैसे फेडायला चार वर्षं लागली. शेवटचे नेले तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. बाजारचा दिवस होता, छपराखाली पाच-सहा गिऱ्हाइकं, सगळे बाप्ये. मी रुमाल पुढे केला. शालनबाईनं तो घेतला नाही. तिनं पायानं एक पोतं माझ्याकडे सरकवलं. तीच निळी शाई.

‘‘वाच.’’

मी मनात वाचलं.

‘‘मोठ्यानं.’’

माणसं वळून बघायला लागली. एकानं हातातलं आंब्याचं कलम खाली ठेवलं. मी ‘‘हाडांचा चुरा’’ म्हटलं, तर माझा मलाच आवाज ऐकू आला नाही.

‘‘ऐकू न्हाय आलं ह्यांना,’’ ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. हाडांचा चुरा. मग खालची ओळ. फुलझाडे व कुंड्यांसाठी उत्तम खत. जोडाक्षरावर यावेळी अडखळले नाही. एक म्हातारा म्हणाला, ‘‘मग द्या की दोन किलो,’’ आणि सगळे हसले. शालनबाई हसली नाही, पण तिनं कोपऱ्यातली झारी बादलीत बुडवून भरली आणि माझ्यापुढे धरली. धरण्याआधी तिनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग दिली.

‘‘त्या तुळशींना घाल.’’

मी तुळशींना पाणी घातलं. परत आले तोवर रुमाल तिच्या हातात होता. तिनं गाठ सोडली, नोटा न मोजता पत्र्याच्या डब्यात टाकल्या, रुमाल झटकून मला परत दिला आणि म्हणाली, ‘‘फिटलं.’’